‘सांगत्ये ऐका’मधील घर

चित्रपटसृष्टीचा निरोप घेऊन संसारात रमलेल्या अभिनेत्रीची कथा आपल्याकडे बहुधा ‘सुफळ संपूर्ण’ म्हणून सांगितली जाते. प्रसिद्धी हा मोह आणि घर हा विसावा, अशी वाटणी तीत आधीच झालेली असते. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे आत्मकथन ही वाटणी मान्य करीत नाही. घराची ओढ या कथनात वारंवार जाणवते, हे खरे. परंतु ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या चित्रपटापासून, कोवळ्या वयातच, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या या मुलीच्या कमाईवर घर चालत होते. जे घर आपल्या कामावर उभे आहे, त्या घरासाठी ते काम सोडायचे कसे, हा तिच्यापुढील पेच आहे.

चित्रपट मागे टाकून त्या मराठवाड्यातील एका खेड्यात, एका विवाहित पुरुषाच्या घरात राहिल्या. हा भाग पुस्तकात विलक्षण कोरडेपणाने येतो. घटना सांगितली जाते. तिचा अर्थ लावून दिला जात नाही. शब्दांकन अरुण साधू यांचे असले, तरी बोलणारीचा स्वर त्यांनी सुसंस्कृत करून टाकलेला नाही, हे त्यांचे श्रेय.

श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट याच आत्मकथनावरून प्रेरित आहे. वाडकर मात्र १९७१ मध्येच निवर्तल्या होत्या. स्मिता पाटील यांनी साकारलेली उषा काळ्यांच्या वाड्यात प्रारंभी खरोखरच सुखावते. मुलाला घेऊन जत्रेला जाऊ म्हणते, तेव्हा तिला कळते की या घराचा उंबरठा मालकाच्या परवानगीवाचून ओलांडता येत नाही. येथे ‘संत सखू’ (१९४१) आठवल्यावाचून राहत नाही. सासरी जखडलेल्या, पंढरीच्या ओढीने व्याकूळ झालेल्या सखूची भूमिका वाडकरांचीच होती. सखूच्या जागी प्रत्यक्ष विठ्ठल राबला. उषेला नवऱ्याची आणि पोलिसांची वाट पाहावी लागते.

तरीही ‘भूमिका’ची मांडणी मला किंचित अधिक रेखीव वाटते. तेथे प्रत्येक घर एका विधानाचा पुरावा होते. पुस्तकातील स्त्री पुरावे गोळा करीत नाही. अनंत माने यांच्या १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटाचे नाव ती आपल्या आयुष्याला देते आणि बैठकीतील ठसक्याने श्रोत्याला समोर बसवते.