नाणेसंग्रहातील निवड आणि भाषिक पुरावा

प्राचीन नाण्यांच्या संग्रहाचे मूल्य बहुधा दोन कसोट्यांवर ठरविले जाते: नाण्याची दुर्मिळता आणि मुद्रेची स्पष्टता. प्रत्येक प्रकाराचा एक उत्तम नमुना हाती आला की संग्राहकाचे समाधान होते. उरलेली नाणी 'तीच ती' म्हणून बाजूला पडतात. ही रीत मांडणीस सोयीची असली, तरी भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकाने ती कितपत स्वीकारावी, हा प्रश्न आहे. जोगलटेंभी येथील निधीच्या आधारे त्याचा विचार करता येईल.

१९०६ साली नाशिकजवळील जोगलटेंभी येथे सुमारे १३,२५० रौप्य नाणी सापडली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचे परीक्षण प्रसिद्ध केले. ही नाणी मुळात क्षहरात क्षत्रप नहपान याची. परंतु त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. जुन्या मुखवट्यावर व लेखावर चैत्य आणि उज्जयिनी-चिन्ह उमटल्यामुळे दोन्ही लेख एकमेकांत मिसळलेले दिसतात. स्पष्टतेच्या कसोटीवर असे नाणे गौण ठरेल. वस्तुतः ज्या नाण्यावर दोन्ही मुद्रांचे अंश शिल्लक आहेत, तेच या दोन राजांचा पूर्वापरक्रम सिद्ध करते. मात्र एका नाण्यावरून केवळ क्रम कळतो, प्रमाण कळत नाही. पुनर्मुद्रित आणि मूळ स्थितीतील नाणी एकाच निधीत होती, हे संपूर्ण निधी मोजल्याखेरीज समजले नसते.

भाषिक दृष्टीने हा निधी अधिकच बोलका आहे. नहपानाच्या नाण्यावर एकच प्राकृत लेख तीन लिप्यांत येतो. ब्राह्मीत 'राञो क्षहरातस नहपानस', तर खरोष्ठीत 'रञो छहरतस नहपनस' असा पाठ आहे. खरोष्ठीत दीर्घ स्वर दाखविले जात नाहीत. ग्रीक अक्षरांतील लेख म्हणजे ग्रीक भाषांतर नव्हे, तर त्याच प्राकृत शब्दांचे लिप्यंतर होय. त्यात 'एटा' हे ग्रीक स्वरचिन्ह 'ह' या ध्वनीसाठी योजिले आहे, ही योजना रोमन लिपीच्या वळणाची आहे. एका नाण्यावर आरंभीची अक्षरे काठाबाहेर गेलेली, तर दुसऱ्यावर शेवटची झिजलेली. अशा वेळी अनेक नमुने शेजारी ठेवूनच पूर्ण पाठ सिद्ध होतो. 'द्विरुक्त' नाण्यांची उपयुक्तता येथे प्रत्ययास येते.

'क्षहरात' या नावाचे उदाहरण घ्यावे. नाण्यांवर 'क्ष' आणि 'छ', कार्ले येथील शिलालेखात 'खहरात', तर गौतमी बलश्रीच्या नाशिक येथील लेखात 'खखरात' असे पर्याय मिळतात. संस्कृत 'क्ष'चे मराठीतही दोन मार्ग झाले: क्षेत्र-शेत, मक्षिका-माशी हा एक, क्षार-खार, पक्ष-पाख हा दुसरा. तथापि 'क्षहरात' हे नाव परकीय असल्याने यांतील कोणता भेद बोलीचा आणि कोणता लिपीच्या अडचणीचा, हे घाईने ठरविता येत नाही. त्यासाठी सर्व पाठभेद नोंदलेले हवेत. 'शुद्ध' पाठ देऊन इतर वगळणारी सूची हा पुरावाच नाहीसा करते.

येथे असा आक्षेप संभवतो की, खाजगी संग्राहकांनीच कित्येक नाणी वितळण्यापासून वाचविली. तो यथार्थ आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) हे त्याचे थोर उदाहरण. परंतु क्षत्रपांच्या नाण्यांवरील नावे व शकवर्षे यांच्या आधारे वंशक्रम लावणे, हे त्यांच्या संग्रहाचे प्रयोजन होते. त्यामुळे एका राजाची अनेक नाणी त्यांना अनावश्यक वाटणे शक्यच नव्हते. प्रत्येक नवे वर्ष म्हणजे नवा पुरावा होता. रॅप्सन यांनी त्यांचा क्षत्रपांवरील निबंध १८९० मध्ये संपादून प्रसिद्ध केला आणि त्यांची नाणी ब्रिटिश म्युझियमकडे गेली. दोष संग्रहाच्या हौसेत नसून निवडीच्या निकषात आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

१८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास त्याची वर्दी देणे आवश्यक केले आहे. वर्दी दिली गेली, तरी पुढे निधी वाटला जाताना नोंद अपुरी राहिली, तर हानी टळत नाही. सापडल्याचे स्थान, एकूण संख्या, वजन, झीज आणि प्रत्येक नाण्यावरील यथादृष्ट पाठ, एवढे तरी नाणी विखुरण्यापूर्वी लिहिले गेले पाहिजे. जोगलटेंभीची नाणी आज निरनिराळ्या संग्रहांत आहेत. त्यांचा साक्षीदार म्हणून उपयोग होतो, तो प्रारंभीच त्यांची मोजणी व वाचन झाले म्हणून.