‘वगैरे’चा श्रोता : किशोरवयीन मनोव्यथेची भाषा आणि मराठी कादंबरी

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून पांडुरंग सांगवीकराच्या निवेदनशैलीविषयी मराठी समीक्षेने विपुल लिहिले आहे. त्या शैलीत कोणाला अस्तित्ववादी जाणीव दिसली, कोणाला शिष्ट भाषेविरुद्धचे बंड दिसले, तर कोणाला उपहासाची नवी रीत दिसली. ही मते चुकीची आहेत असे नव्हे. परंतु त्यांच्या गर्दीत एक साधा प्रश्न मागे पडला. खानदेशातील खेडे सोडून शिक्षणासाठी पुण्यास आलेल्या, विशीच्या अलीकडेपलीकडे असलेल्या या मुलाचे म्हणणे त्या वेळी ऐकत कोण होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पांडुरंगाचे दोन लाडके शब्द उपयोगी पडतात : ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. वक्ता ‘वगैरे’ म्हणतो, तेव्हा तो यादी अपुरी सोडतो आणि उरलेला भाग श्रोत्याने स्वतःच्या अनुभवातून भरावा अशी अपेक्षा करतो. ज्याला पुढचे ठाऊक आहे असा श्रोता या शब्दाने गृहीत धरलेला असतो. ‘उदाहरणार्थ’ची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या आधी एखादे सामान्य विधान असावे लागते. ते विधान न करताच पांडुरंग दाखले देऊ लागतो. म्हणजे एका शब्दाला श्रोता मिळत नाही आणि दुसऱ्याला सिद्धान्त मिळत नाही. ही लकब विनोदी आहे, यात शंका नाही. परंतु वसतिगृहात माणसांच्या घोळक्यात वावरणाऱ्या आणि वडिलांशी मुख्यतः पैशाच्या हिशेबापुरता संबंध उरलेल्या मुलाच्या तोंडी ती आली की तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा लागतो. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. तिच्याबरोबर तिच्यापासून पुढे चालू शकणारी दुःखाची परंपराही खुंटली, अशा विचारापर्यंत पांडुरंग येतो. तेथे उपहासाचे आवरण गळून पडते. आधीच्या थट्टेखाली काय साचले होते, याचा उलगडा वाचकाला या ठिकाणी मागे वळून होतो. निवेदक पंचविशीचा असून तो मागील काळ आठवून सांगत आहे, हे येथे विसरता येत नाही. त्या त्या वेळी हे सारे कोणाला सांगता आले नाही, हेच त्यावरून सूचित होते.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीतील मुकुंद जोशी वयाने याहून लहान, आणीबाणीच्या काळातील नववीचा विद्यार्थी आहे. त्याची आणि त्याच्या मित्रांची भाषा सांकेतिक आहे. मोठ्यांना ती कळू नये, हाच तिचा एक हेतू. तथापि मुकुंदाला नरूमामा लाभला आहे. तो वयाने वडील, पण बोलण्यात समवयस्क आहे. अखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते, मित्रांचा कंपू मोडतो आणि मुकुंदाच्या वाट्याला मोठे एकटेपण येते. परंतु पांडुरंगाच्या एकटेपणाहून ते निराळे आहे. त्याचे दुःख बोलता येण्याजोगे आहे, हे निदान एका मोठ्या माणसाने मान्य केलेले असते.

हा फरक केवळ स्वभावाचा नाही. तो व्याकरणातही दाखविता येतो. मराठीत मनाच्या अवस्था बहुधा चतुर्थीने सांगितल्या जातात : ‘मला झोप येत नाही’, ‘मला कशाचीच गोडी वाटत नाही’. येथे अनुभवणारा माणूस कर्ता नसतो. अवस्था त्याच्याकडे येते. शक्य क्रियापदांत हा भेद अधिकच सूक्ष्म होतो. ‘मी वाचत नाही’ आणि ‘माझ्याने वाचवत नाही’ या दोन वाक्यांत नकार आणि असमर्थता यांचे अंतर आहे. आता घरातील वा वर्गातील ठराविक उत्तर पाहावे : ‘तू मनावर घेत नाहीस’, ‘तू लक्षच देत नाहीस’. मुलगा असमर्थता सांगतो आणि ऐकणारा तिचे नकारात रूपांतर करतो. चतुर्थीचा प्रथमेत झालेला हा बदल म्हणजेच व्यथेचा आळसात झालेला अनुवाद होय.

२००४ साली स्टेफनी रूड, गॉर्टनर आणि पेनेबेकर यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे निबंध तपासले. नैराश्यग्रस्त विद्यार्थ्यांच्या लेखनात प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनामाचे आणि नकारात्मक भाववाचक शब्दांचे प्रमाण अधिक आढळले. हे अनुमान मराठीस जसेच्या तसे लावता येणार नाही. कारण ‘मी’ आपल्या क्रियापदाच्या प्रत्ययात लपतो आणि दुःख सांगताना तो पुष्कळदा ‘मला’ किंवा ‘माझ्याने’ होऊन येतो. तेव्हा मराठीपुरता शोध घ्यावयाचा तर सर्वनामांची नुसती मोजदाद न करता विभक्ती आणि प्रयोग यांकडे पाहावे लागेल.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. कादंबरी हे रुग्णपत्रक नव्हे आणि समीक्षक वैद्य नव्हे. पांडुरंगास रोगाचे नाव चिकटविल्याने कादंबरीही कळत नाही आणि रोगही कळत नाही. एखादा विद्यार्थी ‘वगैरे’ म्हणतो म्हणून तो पीडित ठरत नाही. निद्रा, आहार, संगत आणि अभ्यास यांत घडलेला पालट आठवड्यांमागून आठवडे टिकला आणि त्याबरोबर बोलणेही आटले वा उजाड झाले, तर मात्र ते ऐकण्याची वेळ आली असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या दर ७ मुलामुलींपैकी एकास मानसिक विकार असतो. म्हणजे कोणत्याही भरल्या वर्गात असे काही विद्यार्थी असणे संभवनीय आहे.

ऐकल्यानंतरचे कर्तव्य फार गूढ नाही. उपदेशाआधी त्याचेच वाक्य त्याच्याच विभक्तीत परत करावे : ‘तुझ्याने वाचवत नाही, कधीपासून?’ जीव नकोसा झाल्याचा संशय आल्यास तसे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत संशोधनाने खोटी ठरविली आहे. तसे उत्तर आल्यास त्यास एकटे सोडू नये आणि तज्ज्ञाकडे स्वतः सोबत जावे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे. ज्या माणसाकडे अपराधाचा कर्ता म्हणून पाहिले जाई, त्याच्याकडे कायदा आता ताण सोसणारा म्हणून पाहतो. एका अर्थी कायद्याने प्रथमेची चतुर्थी केली. तोच पालट घरच्या आणि वर्गातल्या बोलण्यात व्हावयाचा आहे.

पांडुरंगाने सोडलेल्या जागा भरण्याचे काम साठ वर्षे वाचक करीत आले आहेत, कारण पुस्तक उघडे राहते. वर्गातील मुलाच्या ‘वगैरे’ला तेवढी सवड नसते.