अंतकालीचे स्मरण : गीतेच्या आठव्या अध्यायाचे दोन मराठी अन्वयार्थ

मरणासन्न माणसाच्या उशाशी गीता वाचण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे. या प्रथेला मुख्य आधार आठव्या अध्यायाचा. ‘प्रयाणकाली तुला कसे जाणावे?’ हा अर्जुनाचा प्रश्न त्याच अध्यायाच्या आरंभी येतो. अंतकाली ईश्वराचे स्मरण करीत देह ठेवणारा ईश्वररूप होतो, हे पाचव्या श्लोकातील आश्वासन. आणि अंती ज्या भावाचे स्मरण होते तोच भाव प्राप्त होतो, हा सहाव्या श्लोकातील सामान्य नियम. आश्वासन आणि नियम यांतील अंतर मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. वेदनेने ग्रासलेल्या, शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला हा नियम सांत्वन देईल की धास्ती? अखेरच्या क्षणी मन भलतीकडे गेले तर साऱ्या जन्माचे काय, ही शंका त्या श्लोकातूनच उद्भवते.

या शंकेला मराठीत दोन भिन्न दिशांनी उत्तर मिळाले आहे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली ‘गीता-प्रवचने’ ही पहिली दिशा होय. आठव्या अध्यायाला विनोबा ‘सातत्ययोग’ म्हणतात. अंतिम क्षण हा जीवनभराच्या संस्कारांचा परिपाक असतो. म्हणून मरणाची तयारी रोजच्या जगण्यात झाली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सर्व काळी स्मरण आणि त्याबरोबरच युद्ध, ही सातव्या श्लोकाची आज्ञा पाहता हा अन्वय मूळ संहितेला धरून आहे, यात संशय नाही. परंतु हा उपदेश ज्याच्यापाशी अवधी आहे त्याला उपयोगी. ज्याचा अवधी संपला, त्याच्यापुढे तो केवळ हिशेब मांडतो.

दुसरी दिशा ज्ञानेश्वरांची. शके 1212 मधील ‘ज्ञानेश्वरी’तही, जिवंतपणी जे जिवाला आवडते तेच मरणाच्या वेळी बळावते, हा नियम स्वीकारलेला आहे. मात्र चौदाव्या श्लोकावरील विवेचनात ज्ञानेश्वर वेगळीच भूमिका घेतात. देह विकल झाल्यावर स्मरण कसे घडेल, ही शंका ते भक्तावर सोडत नाहीत. आजन्म सेवा केलेल्या भक्ताचे ऋण आपल्यावर आहे असे जाणून ईश्वरच त्याच्या देहत्यागाच्या वेळी परिचर्या करतो. देहवैकल्याचा वारा त्या सुकुमाराला लागू नये म्हणून तो त्याला आत्मबोधाच्या पिंजऱ्यात ठेवतो आणि वर आपल्या स्मरणाची गार सावली धरतो. येथे स्मरणाचा कर्ताच बदलला आहे. जे मरणाऱ्याचे कर्तव्य होते, ते ईश्वराचे देणे ठरते. ‘परिचर्या’ हा रुग्णशय्येजवळचा शब्द ईश्वराकडे दिला जावा, यातच या अन्वयाचे मर्म आहे.

तथापि हे सांत्वन विनाअट आहे असे म्हणता येणार नाही. चौदावा श्लोक नित्य व अनन्य स्मरण करणाऱ्याविषयीच आहे आणि ज्ञानेश्वरांचे ऋणही आजन्म सेवेचे आहे. मात्र काकुळतीने हाक मारणाऱ्याकडेही ईश्वर धाव घेतो, असे सांगून ते ही मर्यादा सैल करतात. टीकाकार या नात्याने त्यांनी मूळ श्लोकाच्या पलीकडे पाऊल टाकले, हे मान्य केले पाहिजे. पण ते पाऊल करुणेच्या दिशेने आहे.

यावरून एक विवेक निष्पन्न होतो. मृत्युशय्येवर ग्रंथ वाचणारा हा केवळ वाचक नसतो. कोणता श्लोक, कोणत्या टीकेच्या उजेडात निवडायचा, हे ठरवताना तोही भाष्यकार होतो. भागवत ऐकणाऱ्या परीक्षिताला सात दिवसांची मुदत आणि सावध चित्त लाभले होते. बहुतेकांना दोन्ही लाभत नाहीत. निरोगी माणसाने विनोबांचा अन्वय वाचावा, हे योग्यच. उशाशी बसणाऱ्याने मात्र ज्ञानेश्वरांचा अन्वय जवळ ठेवावा. कारण तेथे मरणाऱ्याकडून काही मागितले जात नाही.