खरी नक्कल

बँकेत चिकटल्याला मला बावीस वर्षं झाली. त्यातली निदान दहा वर्षं मी एकच काम इमानेइतबारे केलं आहे. गिऱ्हाइकाने आणलेली झेरॉक्स मूळ कागदाशेजारी ठेवायची, दोन्हींकडे संशयाने बघायचं, मग गिऱ्हाइकाकडे त्याहून जास्त संशयाने बघायचं आणि झेरॉक्सवर ‘मूळ प्रतीशी पडताळले’ असा शिक्का हाणायचा. शिक्का मी मारतो, सही साहेब करतात. पुढे काही भानगड निघाली की सही कुणाची हे कुणी विचारत नाही, शिक्का कुणी मारला ते विचारतात. त्यामुळे जगातल्या यच्चयावत वस्तूंचे माझ्या लेखी दोनच प्रकार उरले आहेत : मूळ प्रत आणि झेरॉक्स.

हे पुराण लावायचं कारण म्हणजे आज मी संगीतसमीक्षा करणार आहे. बी.कॉम.ला हा विषय नव्हता, हे मान्य. पण प्रश्नच असा पडला आहे, की तो गवयापेक्षा कारकुनाच्या टेबलावरच यायला हवा होता.

आमच्या दादरच्या इमारतीत तळमजल्यावर एक गोवेकर टीचर राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. खोल्या दोन, त्यातली एक पियानोने व्यापलेली. पावसाळ्यात त्या पियानोच्या पोटात विजेचा दिवा पेटता ठेवतात, नाहीतर दमट हवेने पट्ट्या फुगून बसतात. आमच्या देवघरातला नंदादीप अधूनमधून विझतो, पण टीचरच्या पियानोतला कधी विझलेला मी पाहिला नाही. एका रविवारी ऐन वामकुक्षीच्या वेळी खालून बीथोव्हनची पाचवी सिंफनी ऐकू आली. पाश्चात्त्य संगीतातली मला ओळखू येणारी ती एकमेव चीज. तीन आखूड सूर आणि एक लांब. वसुलीला आलेल्या माणसाने दार ठोठवावं तसे. मी लेंगा सावरत खाली गेलो आणि म्हटलं, “टीचर, ही सिंफनी ना? मग बाकीची माणसं कुठायत?”

टीचरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांची बोटं वर केली. “ही काय! दहा आहेत की.”

आता तुमच्याआमच्या पिढीत ऑर्केस्ट्रा म्हटला, की गणेशोत्सवात रात्री दहानंतर हिंदी गाणी वाजवणारा झगमगीत कोटातला ताफा डोळ्यांपुढे येतो. सिंफनीचा ऑर्केस्ट्रा म्हणजे व्हायोलिनं, बासऱ्या, कर्णे, नगारे धरून पन्नास-साठ माणसं. कागदावर एका वेळी दहा-बारा ओळी चाललेल्या असतात. हा सगळा पसारा पियानोच्या दोन ओळींत बसवायचा आणि एका माणसाने दोन हातांनी वाजवायचा! आमच्या ब्रँचमध्ये स्टाफ कमी पडतो तेव्हा एकाच कारकुनाला चार काउंटर सांभाळायला सांगतात, तो प्रकार. हा प्रकार कलेत रूढ करणाऱ्या थोर माणसाचं नाव लिस्ट. फ्रान्झ लिस्ट. (आमच्याकडे लिस्ट म्हणजे वाण्याची यादी, हे मी टीचरना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.) या गृहस्थाने बीथोव्हनच्या नऊच्या नऊ सिंफनी एकट्या पियानोसाठी उतरवून काढल्या. १८३७ साली हात घातला, संपूर्ण संच छापून निघाला १८६५ साली. अठ्ठावीस वर्षं! आमच्या पेन्शनचं प्रकरणसुद्धा एवढं रेंगाळत नाही.

पण हा खटाटोप कशाला? म्हणून जरा हिशेब काढून पाहिला. पाचवी सिंफनी लोकांनी पहिल्यांदा ऐकली ती २२ डिसेंबर १८०८ रोजी, व्हिएन्नात, गारठलेल्या थिएटरात, चार तास चाललेल्या जलशात. ग्रामोफोन नव्हता, रेडिओ नव्हता. लहान गावातल्या माणसाला ती पुन्हा ऐकायची तर ऑर्केस्ट्रा आणायचा कुठून? पण मध्यमवर्गीय घरात पियानो होता. मग प्रकाशकांनी सिंफनींची पियानोरूपं काढली. एका माणसासाठी, आणि एकाच बाकावर शेजारी बसून वाजवणाऱ्या दोन माणसांसाठी, म्हणजे ‘चार हातांची’. ब्राम्ससारख्याने तर आपल्या चारही सिंफनींची पियानोरूपं स्वतःच करून दिली. मूळ मालकाने स्वतःच्याच कागदाची झेरॉक्स स्वतःच पडताळून दिल्यावर आम्ही कारकून काय बोलणार?

कमाल केली ती शूमानने. बर्लिओझची ‘सिंफनी फँटास्टिक’ १८३० साली पॅरिसमध्ये वाजली. तिची ऑर्केस्ट्राची छापील प्रत १८४५ पर्यंत बाजारात नव्हती. लिस्टने १८३३ साली तिचं पियानोरूप केलं होतं आणि तेवढं पुढ्यात घेऊन जर्मनीत बसलेल्या शूमानने १८३५ साली त्या सिंफनीवर लांबलचक समीक्षा लिहिली. मूळ न ऐकता! झेरॉक्सवर कर्ज मंजूर केल्याबद्दल आमच्याकडे मेमो मिळतो. शूमानची ती समीक्षा मात्र आजही नावाजली जाते. वर त्याने लिस्टच्या नकलेलाच स्वतंत्र कृतीचा मान देऊन टाकला.

इथे माझ्यातला कारकून अस्वस्थ झाला. म्हटलं, एकदा नावे-जमा मांडून टाकू. मुलाच्या फोनवर लिस्टची पाचवी लावली. ग्लेन गुल्ड नावाच्या कॅनडाच्या पियानोवाल्याने वाजवलेली, १९६८ सालची तबकडी. हा माणूसही वल्लीच. तबकडीच्या वेष्टणावर त्याने चार खोट्या समीक्षकांच्या नावाने चार समीक्षा स्वतःच लिहून छापल्या होत्या.

आधी नावे बाजू. पहिला खड्डा दुसऱ्याच मात्रेघरात. ते तीन आखूड सूर झाले, की चौथ्या सुरावर थांबण्याची खूण आहे. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले गज ओढत राहतात आणि तो सूर हवा तितका वेळ तितक्याच रुबाबात उभा राहतो. पियानोत काय होतं? हातोडी तारेवर आपटून मागे सरते आणि त्या क्षणापासून सूर मरायला लागतो. अगदी पगारासारखा, हातात पडल्या क्षणापासून कमी कमी होत जाणारा. वाजवणाऱ्याने कितीही डोळे मिटून मान हलवली तरी त्यात भर पडत नाही. पुढे एका ठिकाणी सगळा गलबला थांबतो आणि ओबो नावाची सनईची मावसबहीण एकटीच स्वतःशी दोन शब्द बोलते. मूळ प्रतीत तिथे काळजात चर्र होतं. पियानोवर सूर तेच, पण बोलणारा माणूसही तोच. अध्यक्षांनीच उठून आभार मानावेत तसं वाटतं. आणि दुसरा संथ भाग! व्हियोला आणि चेलो यांच्या त्या घोगऱ्या, मायाळू आवाजातली सुरावट पियानोवर नुसती स्वच्छ वाटते. इथे हिशेब जुळत नाही, असं स्पष्ट मत नोंदवतो.

आता जमा. पहिल्या भागात ते चार सूर या वाद्याकडून त्या वाद्याकडे धावत असतात. ऑर्केस्ट्रात आपण रंगांच्या मागे धावतो आणि वाट चुकतो. पियानोला रंग एकच, त्यामुळे वाड्याचा गिलावा उडाल्यावर तुळया दिसाव्यात तसं दिसतं, की एवढी मोठी इमारत चार सुरांच्या एकाच विटेची आहे. दुसरं म्हणजे, साठ माणसं मोठ्याने वाजवतात तेव्हा त्यातल्या कुणाचाच जीव धोक्यात नसतो. एकटा माणूस ते वाजवायला जातो तेव्हा त्याची दमछाक ऐकू येते. आणि पाचवी सिंफनी ही मुळात झुंजच आहे. एकट्याच्या हाती ती जास्त खरी वाटते, निदान पहिल्या भागात तरी.

तिसरी जमा सर्वांत मोठी. दहा-बारा ओळींतून दोन ओळी उरवायच्या म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे प्रत्येक ओळीवर ठरवावं लागतं. झेरॉक्सचं यंत्र काही ठरवत नाही. तेरीज मांडणारा कारकून ठरवतो. लिस्टने प्रस्तावनेत आपण भाषांतर करणाऱ्याच्या आणि चित्र धातूवर कोरून काढणाऱ्याच्या जातीचे आहोत असं म्हटलं आहे. तो पियानोच्या ओळीवर जागोजागी मूळ वाद्याचं नावही लिहून ठेवतो. म्हणजे वाजवणाऱ्याला सांगतो, की बाबा रे, पट्टी पियानोची दाब, पण मनात ओबो आण. नवव्या सिंफनीच्या शेवटी मात्र सगळा गायकवृंद अंगावर आला तेव्हा हा पठ्ठ्याही प्रकाशकाला म्हणाला, की हा भाग मला सोडा. खात्यात शिल्लक नाही, हे कबूल करणारा माणूस मला नेहमीच आवडतो. पुढे प्रकाशकाने तगादा लावला आणि त्याने तोही भाग पुरा केला, ती गोष्ट निराळी.

इथवर हिशेब ठीक चालला होता. मग मला वडिलांची पेटी आठवली.

वडील पोस्टात होते. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन पेटी काढायचे आणि ‘सौभद्र’, ‘मानापमान’ एकहाती सादर करायचे. गायक नाही, ऑर्गन नाही, सारंगी नाही. आता पेटीला मींड नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बाहेर काढलं ते याच आरोपावरून, आणि ती बंदी कित्येक वर्षं टिकली. पियानोला दम नाही आणि पेटीला मींड नाही. दोन सुरांमधली वाट तिला ठाऊकच नाही, ती पायरीवरून पायरीवर उडी मारते. पण वडील वाजवायला लागले, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या माना नेमक्या त्या न वाजलेल्या मींडेवरच हलायच्या. कॉलेजात गेल्यावर मी शहाणा झालो आणि बालगंधर्वांची कॅसेट विकत आणली. वडिलांना म्हटलं, “ही घ्या मूळ प्रत. आता ती नक्कल कशाला काढत बसता?” ते काही बोलले नाहीत. कॅसेट कौतुकाने ऐकली. पेटी पलंगाखाली गेली आणि नंतर फारशी बाहेर आली नाही.

आमच्या हिशेबाच्या शास्त्रात सस्पेन्स अकाउंट म्हणून एक सोय आहे. तेरीज जुळेना, की जो काही फरक पडेल तो तात्पुरता त्या खात्यावर टाकायचा. वडिलांच्या पेटीत नसलेली मींड ऐकणाऱ्यांच्या कानांतल्या सस्पेन्स खात्यावर जमा होत होती, हे कळायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली. म्हाताऱ्यांनी तिथे आपली आठवण भरली. शूमानकडे आठवण नव्हती, त्याने कल्पना भरली. ज्या नकलेत ऐकणाऱ्याला काही भरावंच लागत नाही, ती नक्कल नुसती झेरॉक्स.

याचा पुरावाही माझ्याकडे आहे. मी टीचरकडे शिकायला लागलो. सरावासाठी हप्त्याने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला. त्यावर ‘ऑर्केस्ट्रा’ असं एक बटण होतं. ते दाबून मी पाचवीचे चार सूर वाजवले. साठ माणसं घरात घुसल्यासारखी वाटली आणि मिनिटभरात शिसारी आली. रंग सगळे होते, सिंफनी नव्हती. टीचरना ऐकवलं तर त्यांनी काही न बोलता बटण बंद केलं.

हल्ली दर रविवारी आम्ही चार हातांची पाचवी वाजवतो. लिस्टची माझ्या बापजन्मी जमायची नाही, ही साधी आहे. खालची बाजू टीचर सांभाळतात, वरची मी. दोन वर्षांत चार पानं झाली. मध्ये एकदा सस्पेन्स खातं मोकळं करावं म्हणून नरिमन पॉइंटला एन.सी.पी.ए.मध्ये तिकीट काढून खरी पाचवी ऐकून आलो. शेवटच्या भागात तीन ट्रॉम्बोनवाले वाजवायला लागले. हे लोक पहिले तीन भाग नुसते बसून असतात, बिनकामाचा पगार म्हणतात तो हाच. पण ते वाजले आणि अंगावर असा काटा आला, की नावे बाजूला मोठी रक्कम लिहायची राहिली होती हे कळलं. जुनीच दहा बोटं कितीही जोरात आपटा, नवीन माणूस दारातून आल्याचा तो आनंद पियानोला द्यायचा नाही. मात्र पहिल्या भागात त्या साठ जणांच्या गर्दीत मागच्या व्हायोलिनवाल्यांचा एक बारीकसा तुकडा ऐकू आला आणि मी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला चक्क कोपराने ढोसलं. तो तुकडा माझ्या डाव्या हाताचा होता. मी तो पाचशे वेळा चुकलो आहे. तिथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या तो कानावरही पडला असेल, देव जाणे.

आमच्या गावच्या सातबाऱ्यावर तलाठी ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असं लिहून देत असे. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. नक्कल ती खरी कशी? आता येत नाही.

परवा रविवारी मुलगा मला जेवायला बोलवायला टीचरकडे आला. दारात उभा राहून त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि खिशातून फोन काढत म्हणाला, “बाबा, ओरिजिनल आहे ना इथे. लावू?”

मी काही बोललो नाही. माझे वडीलही बोलले नव्हते. फक्त मी झाकण लावलं नाही.

“मिस्टर बँक,” टीचर म्हणाल्या, “पुन्हा पहिल्यापासून. आणि मोजा हो जरा. बँकेत नोटा अशाच मोजता काय?”