चंद्रावरील बर्फ आणि रडारची साक्ष : एक चिकित्सा

प्रस्तावना :-
चांद्रयान-1 वर ‘मिनी-सार’ हे अमेरिकन रडार होते. त्याच्या निरीक्षणांवरून मार्च 2010 मध्ये नासाने जाहीर केले की, चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळील चाळीसहून अधिक विवरांत किमान 60 कोटी टन बर्फ असू शकतो. या विधानातील ‘असू शकतो’ गळून पडते आणि ‘आहे’ उरते. हा केवळ भाषेचा प्रश्न नाही, तो पुराव्याचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या पुराव्याची तपासणी केली आहे.

शब्दाचा अर्थ :-
प्रथम ‘ध्रुवीकरण’ हा शब्द पाहू. चंद्राच्या ध्रुवाशी त्याचा संबंध नाही. उर्दूतील ‘तक़्तीब’ हा शब्दही ‘क़ुत्ब’ म्हणजे ध्रुव यावरूनच आला आहे, त्यामुळे दोन्ही भाषांत हा घोटाळा संभवतो. येथे ध्रुवीकरण म्हणजे तरंगाच्या कंपनाची ठरावीक दिशा. वर्तुळाकार ध्रुवीकृत तरंगात ही दिशा स्क्रूप्रमाणे फिरत जाते. सपाट जमिनीवर एकदा आपटून परतताना फिरण्याची दिशा उलटते. दोनदा आपटल्यास ती पुन्हा मूळची होते. मूळ दिशेच्या परतीच्या शक्तीला उलट दिशेच्या शक्तीने भागले की ‘वर्तुळाकार ध्रुवीकरण गुणोत्तर’ मिळते. सपाट, कोरड्या जमिनीवर ते एकाहून बरेच कमी असते.

बर्फाचे प्रतिमान :-
गुरूचा उपग्रह युरोपा याच्याबाबत हे गुणोत्तर सुमारे 1.5 आढळले. शुद्ध व अतिशीत बर्फ रडारचे तरंग फारसे शोषत नाही. तरंग आत शिरतात, भेगा व पोकळ्यांवर अनेकदा आदळतात आणि विरुद्ध मार्गांनी परतणारे तरंग एकमेकांना बळ देतात. 1991 मध्ये बुधाच्या ध्रुवांजवळही असेच तेजस्वी प्रतिसाद मिळाले. तेव्हा ‘गुणोत्तर एकाहून जास्त म्हणजे बर्फ’ ही मांडणी निराधार नव्हती.

आक्षेप :-
परंतु याचे उलट विधान सिद्ध होत नाही. तरंगलांबीएवढे, म्हणजे साधारण 12 सेंटिमीटरचे दगड विखुरलेले असतील तरी तरंग दोनदा आपटतात आणि गुणोत्तर वाढते. 2006 मध्ये कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी अरेसिबो येथील रडारने दक्षिण ध्रुवाची पाहणी केली. सूर्यप्रकाश पडणाऱ्या खडकाळ उतारांवरही त्यांना उच्च गुणोत्तर आढळले. उन्हात बर्फ टिकणे शक्य नाही.

यावर मिनी-सारच्या संशोधकांचे उत्तर असे की, त्यांच्या विवरांत गुणोत्तर आत जास्त व बाहेर कमी आहे. ताज्या खडकाळ विवरात ते दोन्हीकडे जास्त असते. युक्तिवाद विचारार्ह आहे. मात्र 2013 मध्ये फा आणि काई यांनी अशी विवरे ध्रुवांपासून दूरही दाखवून दिली. येथे समीकरण एक आणि अज्ञात दोन, अशी स्थिती आहे. शिवाय 60 कोटी टन हा आकडा बर्फाच्या जाडीच्या गृहीतकावर उभा आहे. जाडी बदलली की आकडा बदलतो.

निष्कर्ष :-
1) याचा अर्थ चंद्रावर पाणी नाही असा नव्हे. एलक्रॉस मोहिमेने ऑक्टोबर 2009 मध्ये कॅबियस विवरात आघात घडवून उडालेल्या द्रव्यात वजनाने सुमारे 5.6 टक्के पाणी मोजले. तो पुरावा वर्णपटाचा होता. चांद्रयान-1 च्या दुसऱ्या उपकरणाने 2009 मध्ये पृष्ठभागावर शोधलेले पाण्याचे अंशही वेगळेच. तीन साक्षी एकत्र कालवू नयेत.
2) 2019 मध्ये निघालेल्या चांद्रयान-2 वर दोन तरंगलांबींचे, पूर्ण ध्रुवीकरण मोजणारे रडार बसवले गेले, कारण एकट्या गुणोत्तरावर निवाडा करता येत नाही.
3) विद्यार्थ्यांना आकडा शिकवताना त्याची अटही शिकवावी. अट गाळलेला आकडा पाठ होतो. त्यातून विज्ञान मात्र शिकले जात नाही.