डावाचा शेवट

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यानें १९३८ सालीं ‘होमो लुडेन्स’ हा ग्रंथ लिहून, खेळ हा संस्कृतीचा मूळ घटक आहे असें प्रतिपादन केलें. खेळाचीं जीं लक्षणें त्यानें सांगितलीं, त्यांतील एक आजच्या आईबापांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावें असें आहे: खेळाला स्थळाची व काळाची सीमा असते, तो सुरू होतो तसा संपतोही. आपल्या भाषेला ही गोष्ट या ग्रंथावांचूनही ठाऊक होती. सोंगट्या असोत, पत्ते असोत कीं आट्यापाट्या असोत, आपण ‘डाव’ मांडतों. आणि मांडलेला डाव केव्हां तरी मोडावाच लागतो.

या कसोटीला मोबाइलवरील करमणूक लावून पाहिली तर काय दिसतें? सर्वच व्हिडिओ गेमना दोष देणें अन्यायाचें होईल. बुद्धिबळाचा डाव पडद्यावर मांडला तरी तेथें कोणी तरी मात खातो व डाव संपतो. परंतु जें संपूंच नये अशा बेतानें रचलेलें असतें, त्याची गोष्ट निराळी. बोट सरकवावें तों खालून नवा मजकूर येतच राहावा, ही युक्ति एझा रास्किन यानें २००६ सालीं काढली आणि पुढें तिच्याबद्दल जाहीरपणें खेदही व्यक्त केला. पूर्वीं पान संपलें कीं वाचक क्षणभर थांबे, व त्या क्षणांत ‘आतां पुरे’ म्हणण्यास अवसर मिळे. या युक्तीनें नेमका तोच क्षण नाहींसा केला. कित्येक ऑनलाइन खेळांत रोज हजेरी लावणारास बक्षीस असतें. एक दिवस चुकला कीं तें हुकतें. हाउझिंगाच्या मतें खेळ स्वेच्छेचा असावा लागतो. हजेरीच्या धाकानें जें चालतें, त्यास आम्ही चाकरी म्हणूं.

मग मर्यादा घालावी कोणीं? दक्षिण कोरियानें २०११ सालीं सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुलें वडीलधाऱ्यांच्या नांवानें आंत शिरूं लागलीं, मोबाइलवरील खेळ नियमाबाहेरच राहिले, आणि २०२२ च्या आरंभीं ती बंदी उठली. चीननें २०२१ सालीं अठरा वर्षांखालील मुलांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सार्वजनिक सुटी या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढाच वेळ ठेविला. या दोन्ही नियमांत घड्याळ आहे, घर नाहीं. मोकळ्या झालेल्या वेळांत मुलानें काय करावें, हें घड्याळास सांगतां येत नाहीं.

म्हणूनच सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथील २०२२ सालचा प्रयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. टाळेबंदींत शाळाच मोबाइलवर भरल्यामुळें तो मुलांच्या हातून सुटेनासा झाला होता. गांवानें ठरविलें कीं सायंकाळीं सात वाजतां भोंगा व्हावा, घरोघर टीव्ही व मोबाइल बंद व्हावे, आणि साडेआठास दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनीं अभ्यास करावा. मोकळ्या वेळांत केवळ अभ्यासच यावा, खेळ येऊं नये, ही यांतली उणीव आहे. तथापि भोंगा मोठ्यांसाठींही वाजत होता, हें या प्रयोगाचें खरें मर्म होय. जेवतांना स्वतःच्या हातांत मोबाइल धरून मुलास ‘ठेव तो’ म्हणणारा बाप आम्हीं पाहिला आहे. कधीं कधीं तो आमच्याच घरच्या आरशांत दिसला आहे.

महाभारतांतील अनर्थाचा दोष आपण फाशांवर ठेवितों. परंतु पहिल्या द्यूतांत गमावलेलें सर्व परत मिळालें असतांही युधिष्ठिरास पुन्हां बोलावणें गेलें, व तो पुन्हां बसला. विदुरानें नको म्हटलें, गांधारीनेंही नको म्हटलें. ज्याच्या एका शब्दानें डाव थांबला असता, तो धृतराष्ट्र मात्र मुलाच्या हट्टापुढें नमला. आपल्या घरांत तो शब्द कोण उच्चारणार, आणि उच्चारणारा स्वतः तो पाळणार काय, याचा विचार प्रत्येक वाचकानें आज रात्रींच्या जेवणापूर्वीं करावा.