पालीचे अध्यासन : पद कोणाचे, काम कोणाचे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. अशा दर्जाच्या लाभांमध्ये केंद्रीय विद्यापीठांत अध्यासने निर्माण करण्याचाही उल्लेख असतो. हेदवी येथे धम्मबांधवांशी या विषयावर बोलत असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, म्हणजे आता गुहागरात पाली शिकता येईल का?" आम्हांस 'होय' म्हणता आले नाही.

अध्यासन आणि प्राध्यापकपद यांची आपल्या समाजात फार गल्लत होते. मंजूर पदास वेतनाची तरतूद असते. माणूस निवृत्त झाला तरी ते, रिकामे का होईना, उरते. पदोन्नतीने मिळालेले प्राध्यापकपद मात्र व्यक्तिगत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार ती व्यक्ती निवृत्त होताच जागा मूळ श्रेणीस परत जाते. दारावरची पाटी दोघांचीही सारखीच! (आमचे स्वतःचे पद याच दुसऱ्या प्रकारातले आहे.) अध्यासन बहुधा एखाद्या निधीवर वा योजनेवर उभे असते, निधी आटला की उरते ते नाव.

ऱ्हीस डेव्हिड्स १८८२ पासून लंडनमध्ये पालीचे प्राध्यापक होते. त्या पदास निश्चित वेतन नव्हते, केवळ व्याख्यानांचे शुल्क मिळे. तिपिटक रोमन लिपीत जगापुढे आले ते त्या पदामुळे नव्हे, तर त्यांनी १८८१ मध्ये स्थापिलेल्या पाली टेक्स्ट सोसायटीमुळे. आपल्याकडे धर्मानंद कोसंबींनी कलकत्त्यातील अध्यापन सोडून सयाजीराव गायकवाडांची दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती पत्करली. महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे, एवढीच अट होती. पुढे १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट हे त्यांचेच विद्यार्थी.

त्या पन्नास रुपयांचा हिशेब ग्रंथांत देता येत होता. अध्यासनांचे जे अहवाल आमच्या पाहण्यात आले, त्यांत जयंती-पुण्यतिथीची व्याख्याने, सत्कार आणि परिसंवाद भरपूर आढळले. विद्यार्थ्यांकडून मूळ सुत्त वाचून घेतल्याची नोंद क्वचितच. महापुरुषाचे नाव दिले की काम झाले, ही समजूत आपणच पोसली आहे. नामकरणासाठी आपण मोर्चे काढतो. पद पाच वर्षे रिक्त राहिले तर साधे निवेदनही देत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी पालीचा एक पूर्णवेळ सहायक प्राध्यापक मंजूर करून घ्यावा, ही आमची पहिली मागणी आहे. अध्यासन त्यानंतर मागता येईल.